नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळींत एक सायंकाळ

शेतकीच्या मासिकांत पाखरांची हकीगत कशाला, असें आमचे कांहीं वाचक विचारतील हें आम्ही जाणून आहों. पाखरांशीं शेतकऱ्याचा संबंध बहुधा गोफणीपुरताच येतो. ज्वारी हुरड्यास आली कीं मचाणावर चढावें, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत हाकारे द्यावे, आणि तरीही कणसांतला कांहीं वांटा त्यांचाच समजावा, एवढीच काय ती ओळख. परंतु ज्या स्थळाविषयीं आज लिहिण्याचें योजिलें आहे तें स्थळ मुळांत शेतकऱ्याच्या गरजेंतून निर्माण झालें. पाखरें तेथें मागाहून आलीं. तेव्हां ही हकीगत इतर कोठल्याही मासिकापेक्षां याच मासिकांत शोभेल असें आम्हांस वाटतें.

नाशिक शहरापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर, निफाड तालुक्यांत, गोदावरीस कादवा येऊन मिळते. या संगमाजवळ नांदूर-मध्यमेश्वर येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं नदीवर बंधारा घालण्यांत आला. सह्याद्रीच्या आडोशामुळें पूर्वेकडील टापूंत पाऊस तुटपुंजा पडतो. त्या टापूस कालव्यानें पाणी मिळावें हाच हेतु. वरच्या अंगास १९१६ सालीं दारणेचें आणि १९६५ सालीं गंगापूरचें धरण पुरें झालें. त्या धरणांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानें खालीं यावें, या बंधाऱ्यापाशीं अडावें, आणि डाव्या व उजव्या कालव्यांत वळावें, अशी ही व्यवस्था आहे. कोपरगांव-राहात्याकडील उंसाचे मळे या कालव्यांच्याच जिवावर उभे राहिले. बंधाऱ्यामागें नदी पसरली, तिचा वेग मंदावला, आणि वेग मंदावला कीं नदी आपल्या ओंजळींतील माती टाकून देते. वर्षानुवर्षें गाळ बसत गेला, त्याचीं बेटें झालीं, बेटांवर लव्हाळा व पाणकणीस उगवलें, कडेनें गुडघाभर पाण्याचीं विस्तीर्ण मैदानें तयार झालीं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबीं हें सारें नुकसानच. पण पाणपक्ष्यांस याहून सुखाची जागा कोणती? १९८६ सालीं सरकारनें येथें अभयारण्य जाहीर केलें. इराणांतील रामसर गांवीं १९७१ सालीं पाणथळींच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत २०१९ सालच्या तारखेनें या जागेचें १४३७ हेक्टर क्षेत्र नोंदलें गेलें. महाराष्ट्रांतून या यादींत गेलेली ही पहिली पाणथळ होय. लोणारचें सरोवर व ठाण्याची खाडी यांचा मान मागाहूनचा. यास महाराष्ट्राचें भरतपूर म्हणतात. त्यांतही एक मौज अशी कीं, भरतपूरचें पाणीसुद्धां माणसानें बांध घालूनच आणलेलें आहे.

आम्ही गेलों ते दिवस माघाचे होते. निफाडाकडून जातांना दुतर्फा द्राक्षांचे मळे लागले. कित्येक ठिकाणीं घडांस उन्हाचा व थंडीचा चटका बसूं नये म्हणून जुनीं वर्तमानपत्रें गुंडाळलेलीं होतीं. गहूं ओंबींत आला होता. हरभऱ्यास घाटे धरले होते. उन्हाळी कांद्याच्या लागणीची बायांची रांग वाफ्यांतून वांकून सरकत होती. उंसानें भरलेल्या गाड्यांच्या मागें अडकत, त्यांच्या धुळींतून वाट काढीत, चारच्या सुमारास आम्ही चापडगांवीं पोंचलों. बरोबर दोन छायाचित्रकार मित्र होते, आणि गांवांतलाच एक तरुण वाटाड्या म्हणून घेतला होता. याचे वडील शेती करतात. हा हिवाळ्याचे चार महिने पाहुण्यांना पाखरें दाखवितो आणि उरलेले आठ महिने टोमॅटो व सोयाबीन करतो. त्याचें पक्षिज्ञान पुस्तकी नव्हे. पुस्तकांतलीं नांवें तो मागाहून शिकला.

वनखात्याच्या निरीक्षण-मनोऱ्यावर चढून प्रथम नुसत्या डोळ्यांनीं पाहिलें तेव्हां पाण्यावर काळी खडी पसरली आहे असा भास झाला. दुर्बीण लावतांच ती खडी हालूं लागली. अंग काळें कुळकुळीत आणि कपाळीं पांढरा टिळा, असे ते शेंकडों वारकरी पक्षी होते. नांव मोठें शोभतें. दिंडीप्रमाणें थव्यानेंच फिरतात, आणि कलकलही तशीच. त्यांच्यांत मिसळून हळदी-कुंकू बदकें होतीं. चोंचीच्या शेवटीं पिवळा ठिपका आणि मुळाशीं दोन तांबडे, यावरून ज्या कोणा बाईनें वा बुवानें हें नांव ठेविलें त्याच्या नजरेस दाद द्यावीशी वाटते. हें बदक मूळचें येथलेंच, बारमाही राहणारें. पलीकडे निमुळत्या शेपटीचीं तलवार बदकें डोकें पाण्यांत व शेपूट आभाळाकडे करून चरत होतीं. थापट्या बदकाची चोंच गवंड्याच्या थापीसारखी रुंद. तें पाणी चोंचींत घेऊन कडेच्या बारीक दांत्यांतून गाळून टाकतें आणि आंत राहिलेले सूक्ष्म जीव गिळतें. पांचसहा थापटे एकाच वर्तुळांत गोल गोल पोहत तळचा चिखल ढवळीत होते, जणूं रहाटाला जुंपले आहेत. हीं दोन्ही बदकें पाहुणीं, उत्तरेकडील थंड मुलुखांतून आलेलीं.

उथळ कडेला वेगळीच मंडळी होती. तांबड्या काटकुळ्या पायांचे शेकाटे, चमच्यासारखी चोंच पाण्यांत इकडून तिकडे फिरविणारे चमचे, ऊन पडतांच हिरव्या-जांभळ्या झांकेनें चमकणारे मोर शराटी, आणि त्यांच्यामागें पांढऱ्या-गुलाबी पंखांचे चित्रबलाक, एक पाय वर घेऊन, कचेरींतल्या ज्येष्ठ कारकुनासारखे गंभीर. उघड्या चोंचीच्या करकोच्याविषयीं मात्र दोन ओळी जास्त लिहिल्या पाहिजेत. याच्या चोंचीचे दोन भाग मधोमध मिटत नाहींत, फट राहते. पुष्कळांना तें व्यंग वाटतें. परंतु याचें मुख्य अन्न म्हणजे पाण्यांतील मोठ्या गोगलगाई, आणि त्यांना शंखांतून ओढून काढण्याच्या कामीं ती चोंच उत्तम चालते. गोगलगाईंनीं ज्याची रोपें खाल्लीं आहेत त्या शेतकऱ्यास या पक्ष्याची योग्यता वेगळी सांगावयास नको.

लाटांवर तरंगणाऱ्या पानांवरून एक कमळपक्षी चालत गेला. त्याचीं बोटें इतकीं लांब कीं अंगाचा भार पुष्कळ जागेवर वांटला जातो आणि पान बुडत नाहीं. चिखलाच्या रानांत रुंद चाकाचा गाडा कां रुतत नाहीं याचेंच हें उत्तर.

आतां छायाचित्रणाविषयीं. आमच्या मित्रांनीं कॅमेरा तिकाटण्यावर न लावतां मनोऱ्याच्या कठड्यावर धान्याची एक लहान पिशवी ठेवून तीवर टेकविला. ही युक्ति स्वस्त व खात्रीची आहे. पिशवींतला दाणा भिंगाच्या नळीभोंवतीं आपोआप बसतो आणि हात थरथरला तरी चित्र हालत नाहीं. उडता पक्षी टिपावयाचा तर सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्श्याएवढाच वेळ प्रकाश आंत घ्यावा लागतो, नाहींतर पंखांचा नुसता धूर उमटतो. दुपारीं एवढा उजेड मुबलक असतो, परंतु त्या वेळच्या उभ्या उन्हांत पांढरा पक्षी चुन्याच्या ढेंपळासारखा दिसतो, पिसांतली घडी दिसत नाहीं. सायंकाळीं ऊन तिरपें व पिंवळें होतें, पीसन् पीस उठून दिसतें, पण उजेड घटकेघटकेनें आटत जातो. म्हणून मावळतीपूर्वीचा तासभर हाच काय तो खरा हंगाम. त्या तासांत मित्रांनीं बोलणें जवळजवळ बंद केलें होतें. सूर्य पाठीशीं ठेवावा, पक्ष्याच्या पुढें थोडी मोकळी जागा सोडावी, आणि डोळ्यांत उजेडाचा कण दिसेपर्यंत थांबावें, एवढेच नियम त्यांनीं आम्हांस सांगितले. बाकीचें काम धीराचें.

पण सर्वांनाच धीर असतो असें नाहीं. बांधावरून चार तरुण मोठे कॅमेरे घेऊन आले होते. थवा उडतांनाचें चित्र हवें म्हणून त्यांतल्या एकानें खडा उचलला. आमचा वाटाड्या मनोऱ्यावरून जवळजवळ उड्या टाकीतच खालीं गेला. "दादा, खडा नका मारूं. तुमचं चित्र निघेल एक, आणि त्या पाखराचा दिवसभराचा चारा वाया जाईल." त्याचें म्हणणें अगदीं शास्त्राला धरून होतें. माघ-फाल्गुनांत या पाहुण्यांस परतीच्या प्रवासाची तयारी करावयाची असते. अंगीं जी चरबी चढेल तीवर शेंकडों कोस उडावयाचें असतें. उगाच उठविलेला थवा ती पुंजी खर्च करतो. गाभण गाईला विनाकारण पळवावें असा हा प्रकार. तरुण ओशाळले व खालीं बसले, आणि पाऊण तासानें त्यांना मागितलेलें चित्र फुकटांत मिळालें. तें असें कीं, लव्हाळ्यावरून तपकिरी रंगाचा एक दलदली ससाणा ठेंगणा उडत आला. त्याबरोबर सर्व वारकरी एकमेकांजवळ सरकून त्यांचा एक काळा गोळा झाला आणि तो पाण्यावर फडफडत फेंस उडवीत निघाला. ससाण्यानें दोन घिरट्या घातल्या, एकटें पडलेलें कोणी सांपडेना, मग कंटाळून निघून गेला. बांधावरचे चौघे आणि मनोऱ्यावरचे आमचे दोघे, सहा कॅमेऱ्यांचा टपटपाट त्या वेळीं थांबत नव्हता.

चित्रांचा उपयोग भिंतीवर लावण्यापुरताच आहे असें मात्र कोणी समजूं नये. पक्ष्यांच्या पायांत वा गळ्यांत क्रमांकाच्या पट्ट्या घालून सोडण्याची पद्धत आहे. चांगल्या चित्रांत तो क्रमांक वाचतां आला तर पाखरूं कोठून आलें तें कळतें. तारखेसह ठेविलेल्या चित्रांवरून कोणता पक्षी कोणत्या पंधरवड्यांत उतरतो, यंदा उशीर झाला कीं लवकर आला, हेंही जुळवितां येतें. दर जानेवारींत आशियाभर पाणपक्ष्यांची गणती होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि तींत हौशी माणसांच्याच नोंदी मोठ्या प्रमाणावर असतात.

सूर्य टेंकला तेव्हां शेतांकडून गायबगळ्यांच्या रांगा येऊं लागल्या. दिवसभर हे आपल्याच नांगरामागें, गुरांच्या पायांशीं नाकतोडे व किडे वेंचीत होते. रात्रीच्या मुक्कामास पाण्यांतल्या बाभळींवर येतात. अर्ध्या घटकेंत त्या बाभळी कापूस फुटल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. पाकोळ्यांचा एक प्रचंड थवा पाणकणसांत उतरला. येथें आम्हांस एका जुन्या कामाची आठवण झाली. मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय या दोघां कीटकशास्त्रज्ञांनीं १९१२ सालीं हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या अन्नाविषयीं एक मोठा ग्रंथ सरकारी शेतकी खात्यातर्फें प्रसिद्ध केला. बिहारांतील पुसा येथें पक्ष्यांचीं पोटें तपासून, कोणाच्या पोटांत दाणा किती व कीड किती, याची जातवार नोंद त्यांनीं केली. शंभराहून अधिक वर्षें झालीं तरी तसें काम आपल्या द्राक्षांच्या व कांद्याच्या टापूंत कोणी नेटानें केलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं, आणि तें व्हावयास हवें. कारण पाखरूं मित्र कीं शत्रू हा प्रश्न जातीजातीनें, हंगामाहंगामानें निराळा सुटतो. भोरड्याचेंच पाहा. मध्य आशियांत तो टोळ खातो म्हणून त्याचा मान, आणि आपल्याकडे येऊन ज्वारीवर बसतो म्हणून त्यास गोफण.

अंधार पडतां पडतां ज्यांच्यासाठीं थांबलों होतों ते आवाज आले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस. कांहीं पुस्तकांत यांस पट्टकदंब म्हणतात. मंगोलिया, तिबेट या बाजूस हे अंडीं घालतात आणि हिवाळ्यास हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतात. अंगावर यंत्र बसवून माग काढला तेव्हां सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून गेल्याची नोंद झाली आहे. दिवसा ते पाण्यांत वा बेटावर विसांवा घेतात, तिन्हीसांजेस चरावयास निघतात. वीसपंचवीसांची एक तिरकी ओळ आमच्या डोक्यावरून गेली. चित्र निघण्याजोगा उजेड उरला नव्हता; मित्रांनीं कॅमेरे खालीं ठेविले आणि सगळेच नुसते ऐकत राहिलों.

परततांना पायवाटेवर एक वृद्ध शेतकरी विजेरी व पत्र्याचा डबा घेऊन जातांना भेटले. वाटाड्यानें "आण्णा, आज उशीर?" म्हणून विचारलें. आण्णांनीं वर बोट केलें.

"हे गेले ना आत्तां, ते माझ्याच हरभऱ्यावर जातात. डबा वाजवावा लागतो रात्रभर. ढोर शिरलं तर कोंडवाड्यांत घालतां येतं, साहेब. ह्यांचा पंचनामा कोण करणार?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर याचें सोपें उत्तर नाहींही. हंस सगळ्या जगाचे पाहुणे. पंगत मात्र आण्णांच्या एकट्याच्या शेतांत. मनोऱ्यावरून दिसणारी शोभा आणि डबा वाजवीत जागून काढलेली रात्र हीं एकाच थव्याचीं दोन रूपें आहेत, आणि पहिल्याचें सुख घेणारांनीं दुसऱ्याचा खर्च उचलावयास नको काय? पाहुण्यांकडून जें प्रवेशमूल्य घेतलें जातें त्यांतील कांहीं हिस्सा कांठच्या शेतांच्या नुकसानीसाठीं ठेवावा, आणि नुकसान ठरविण्याचें काम गांवच्याच माणसांकडे द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. वाटाड्यास रोज मिळतो हें खरें. पण प्रत्येक शेतकऱ्याचा मुलगा वाटाड्या होऊं शकत नाहीं.

दुसरा प्रश्न याहून मोठा आहे आणि तो गाळाचा. २०१६ व २०१९ या दोन्ही सालीं ऑगस्टांत गोदावरीस महापूर आला, तेव्हां बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचीं सायखेडा व चांदोरी हीं गांवें पाण्यांत गेलीं. दुकानांतला माल, गोठ्यांतलीं गुरें, चाळींतला कांदा, सर्वांचीच दैना झाली. गाळानें पात्र भरलें म्हणून पाणी मागें फुगतें, तो उपसावा, ही त्या गांवांची मागणी जुनी आहे. पक्षिमित्र म्हणतात कीं गाळ काढला तर पाणथळच नाहींशी होईल. दोन्ही पक्ष खरें बोलतात, म्हणूनच हा तंटा मिटत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें नदीची मुख्य धार आणि कडेचीं उथळ मैदानें यांत भेद केला पाहिजे. पुराचें पाणी वाहून नेते ती धार. शराटी, चमचे, शेकाटे जगतात ते कडेच्या गुडघाभर पाण्यावर. धारेंतला गाळ, तोही पाहुणे गेल्यानंतर व पावसाळ्यापूर्वी, म्हणजे चैत्र-वैशाखांत, मोजून मापून काढावा आणि कडा राखाव्या. पूरग्रस्त गांवास पाखरांसाठीं बुडा असें सांगणें अन्याय आहे. आणि सारें पात्र खरवडून काढल्यानें पूर थांबेल असें सांगणें भाबडेपणा आहे, कारण वरून नवा गाळ दर पावसाळ्यांत येतच राहणार. काढलेला गाळ मुरमाड रानांत टाकावयाचा असेल तर प्रथम त्याची माती-परीक्षा करून घ्यावी. या पाण्यांत वरच्या अंगाच्या शहराचें सांडपाणीही येतें, हें विसरूं नये. जलपर्णी माजते ती बहुतांशीं त्याच खतावर, आणि रामसरच्या नोंदींत या जागेस असलेल्या धोक्यांत जलपर्णीचें नांव घातलेलें आहे.

पाण्याचा उपसा व कालव्याचीं आवर्तनें यांवर तर तेथील सारेंच अवलंबून. आवर्तन सुटलें कीं फुगवटा उतरतो, चिखल उघडा पडतो आणि चिखलांत चोंच खुपसून खाणारांची दिवाळी होते. पाणी फार चढलें तर तेच पक्षी दुसरीकडे जातात. तेव्हां रब्बीस पाणी सोडण्याचें वेळापत्रक ठरवितांना वनखात्याचें माणूस बैठकीस बोलावण्यांत कालवेवाल्यांचें कांहीं बिघडणार नाहीं.

शेतकऱ्यानें आपल्या हातीं करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. फवारणीचीं टांकीं ओढ्यांत वा पाटांत धुवूं नयेत. त्या पाण्याचा शेवट या दलदलींतच होतो आणि त्यांतलेच मासे आपण बाजारांत घेतों. दुसरी गिधाडांविषयीं. या पाणथळीच्या नोंदींत गिधाडांच्या दोन जातींचीं नांवें आहेत. गुरांस दुखण्यावर देत असत त्या डायक्लोफेनॅक औषधानें, मेलेल्या ढोराच्या मांसावाटे, गिधाडें मूत्रपिंड बिघडून मरतात हें सिद्ध झाल्यावर २००६ सालीं तें औषध जनावरांसाठीं बंद केलें गेलें. माणसांसाठींचें तें औषध गोठ्यांत वापरूं नये. मेलॉक्सिकॅमनें काम भागतें आणि गिधाडांस त्याची बाधा होत नाहीं. आपल्या जनावरांच्या डॉक्टरांस तसें सांगावें.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं कार्तिक ते माघ या काळांत जावें, शक्यतों रविवार टाळून. दुपारीं तीनपर्यंत चापडगांवीं पोंचावें म्हणजे उजेडाचे तीन तास हातीं राहतात. भडक कपडे नकोत. मातकट वा हिरवे बरे. दुर्बीण आठपट वा दहापट मोठें दाखविणारी असली कीं पुरे. त्याहून मोठी हातांत स्थिर राहत नाहीं. गांवचा वाटाड्या अवश्य घ्यावा. पिण्याचें पाणी व टोपी बरोबर असावी. मनोऱ्यावर सावली मिळते, बांधावर मिळत नाहीं.